सेंटिमीटरभर माती

मी सॉफ्टवेअरवाला. एखादा आकडा भलताच मोठा आला, की चूक समजून आधी पुसतो.

इटलीत गुब्बिओजवळ चुनखडीच्या खडकात, डायनासोर संपले त्या काळातला, सेंटिमीटरभर चिकणमातीचा थर आहे. तो साचायला किती वर्षं लागली, एवढंच लुईस आणि वॉल्टर अल्वारेझ या बापलेकांना मोजायचं होतं. अवकाशातून सतत पडणाऱ्या धुळीतलं इरिडियम हे त्यांचं घड्याळ. ते निघालं आजूबाजूच्या खडकाच्या 30 पट! मी तर पुसलंच असतं. त्यांनी डेन्मार्कचा थर तपासला. तिथे 160 पट.

जवळच्या ताऱ्याचा स्फोट? मग प्लुटोनियम-244 हवं. तेही सापडलं! पण पुन्हा चाचणी केली, तर नव्हतं. कल्पना सोडली. 1980मध्ये अशनीपाताचा निष्कर्ष छापला. मेक्सिकोतलं चिक्शुलूब विवर त्याचंच, हे 1991मध्ये पुढे आलं.