पांढऱ्या औषधाची बाटली

घराघरांतील औषधांच्या फळीवर एक बाटली बहुधा असतेच. आत दुधासारखे पांढरे, दाट औषध, तळाशी साचलेला साका आणि झाकणाच्या कडेला वाळून बसलेली खडूसारखी पूड. थोरल्या माणसांना विचारले तर ती ‘पोटाचे औषध’ एवढीच तिची ओळख सांगतात. औषधाच्या दुकानात तिला मिल्क ऑफ मॅग्नेशिया म्हणतात. पंगतीवरून आल्यावर छातीत जळजळू लागले की एक चमचा, प्रवासात पोट अडले की त्याहून अधिक, असा तिचा वापर पिढ्यान्पिढ्या चालत आला आहे. नाव दुधाचे असले तरी दुधाचा थेंबही तिच्यात नसतो. मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड नावाचा क्षार पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. त्याचे सूक्ष्म कण पाण्यात तरंगत राहतात, म्हणून हा पांढरा रंग.

मॅग्नेशियमचे रेचक क्षार युरोपास सतराव्या शतकापासून ठाऊक आहेत. इंग्लंडमधील एप्सम गावच्या कडू पाण्याची ख्याती त्याच शतकात झाली, आणि नेहेमाया ग्रू या वैद्याने १६९५ साली त्या पाण्यातील क्षारावर ग्रंथ लिहिला. पुढे स्कॉटलंडमध्ये जोसेफ ब्लॅक याने मॅग्नेशिया आणि चुना हे दोन निराळे पदार्थ आहेत हे प्रयोगांनी दाखविले. आयर्लंडमध्ये सर जेम्स मरे यांनी १८२९ च्या सुमारास द्रवरूप मॅग्नेशिया तयार करून तेथील लॉर्ड लेफ्टनंटच्या पोटदुखीवर वापरला. आजच्या स्वरूपातील औषधाचे पेटंट मात्र चार्ल्स फिलिप्स या अमेरिकेत स्थायिक झालेल्या इंग्रज औषधनिर्मात्याने १८७३ साली घेतले. त्याची निळ्या काचेची बाटली पुढे जगभर गेली.

एकच औषध थोड्या मात्रेत आम्ल शमविते आणि मोठ्या मात्रेत रेच घडविते, याचे पुष्कळांना नवल वाटते. उलगडा सोपा आहे. जठरातील हायड्रोक्लोरिक आम्लाशी या क्षाराचा संयोग झाला की मॅग्नेशियम क्लोराइड आणि पाणी तयार होते. आम्लाची धार जाते. खाण्याचा सोडा घेतल्यावर जसा वायू सुटून ढेकर येतात, तसे येथे होत नाही. नंतर हे मॅग्नेशियम आतड्यात उतरते. तेथून त्याचे शोषण फार थोडे होते आणि जे आतड्यात राहते ते पाण्याला धरून ठेवते. पाण्याने मळ मऊ होतो, आतडे फुगते, त्याच्या हालचाली वाढतात आणि पोट मोकळे होते. एरंडेलासारखी आतड्याला थेट चेतविण्याची रीत येथे नाही. सारी करामत पाण्याची आहे. म्हणूनच हे औषध रेचक म्हणून घेतल्यावर पेलाभर पाणी प्यावेच लागते. ते न पिणारी माणसे पुष्कळ, आणि औषधाला दोष देणारीही तीच.

मात्रेविषयी बोलावयाचे तर साध्या तीव्रतेच्या औषधात दर ५ मिलिलिटरमागे ४०० मिलिग्रॅम क्षार असतो. प्रौढ माणसाने आम्लपित्तासाठी ५ ते १५ मिलिलिटर, दिवसातून फार तर चार वेळा घ्यावे. रेचासाठी ३० ते ६० मिलिलिटर, दिवसातून एकदा. परिणाम अर्ध्या तासापासून सहा तासांपर्यंत केव्हाही होतो. तेव्हा सकाळी एस. टी. पकडावयाची असेल तर हिशेब आधीच करावा. काही बाटल्यांतील औषध याच्या दुप्पट तीव्र असते, म्हणून लेबल वाचणे चुकवू नये. घरातला चमचा हे माप नव्हे. कुणाचा चमचा चहाचा, कुणाचा आमटी वाढण्याचा. बाटलीबरोबर आलेले मापच वापरावे, आणि ओतण्यापूर्वी बाटली चांगली हलवावी. नाहीतर पहिल्या आठवड्यात नुसते पाणी पोटात जाते आणि अखेरच्या आठवड्यात दाट साका. सहा वर्षांखालील मुलांना आणि गरोदर स्त्रियांना डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून देऊ नये.

खरा धोका आहे तो मूत्रपिंडे थकलेल्या माणसाला. आतड्यातून जो थोडा अंश रक्तात जातो, तो निरोगी मूत्रपिंडे लघवीवाटे बाहेर टाकतात. ती दुबळी असतील तर मॅग्नेशियम रक्तात साचत जाते. त्यातही पोट साफ होतच नसेल तर औषध आतड्यात अडकून राहते आणि शोषण वाढते. म्हणजे गुण येत नाही म्हणून मात्रा वाढविणारा रुग्ण आपणच संकट ओढवून घेतो. आरंभी मळमळ, ग्लानी, अंगात अशक्तपणा. पुढे गुडघ्याखाली टिचकी मारली असता पाय उडेनासा होतो, रक्तदाब उतरतो, नाडी मंद होते आणि शेवटी श्वासही मंदावतो. अशा वेळी रुग्णालयात शिरेवाटे कॅल्शियम देतात. गरज पडल्यास डायलिसिस करतात. पण तोपर्यंत ‘म्हातारपणाची झोप’ म्हणून घरची माणसे त्या ग्लानीकडे काणाडोळा करतात.

एखादे आजोबा डोळ्यांसमोर आणावेत. वय पंचाहत्तर, वीस वर्षांचा मधुमेह, पायांवर थोडी सूज. रोज सकाळी पोट साफ झालेच पाहिजे, हा त्यांचा आयुष्याचा नेम. एका चमच्यावर सुरू झालेले औषध वर्षभरात अर्ध्या पेल्यावर आले आहे. मधुमेहाने मूत्रपिंडे हळूहळू निकामी होतात, हे त्यांना ठाऊक नाही. रक्तातील क्रिएटिनिनची साधी तपासणी झाली असती तर डॉक्टरांनी ती बाटली त्याच दिवशी बंद करविली असती. रोज मलशुद्धी झालीच पाहिजे हा हट्टही तपासून पाहण्यासारखा आहे. कुणाला एक दिवसाआड होते, तोही निरोगीच असतो. सात दिवसांहून अधिक काळ रेचक घ्यावे लागत असेल तर औषध वाढवावयाचे नसते, कारण शोधावयाचे असते. लोहाच्या गोळ्या, काही वेदनाशामके, थायरॉइडचा मंदपणा, क्वचित आतड्यातील गाठ, यांतले काहीही मुळाशी असू शकते.

पोटात तीव्र कळ येत असेल, उलट्या होत असतील किंवा मळातून रक्त जात असेल, तर कोणतेच रेचक घेऊ नये. ती कळ अपेंडिक्सच्या सुजेची असू शकते, आणि अशा वेळी रेच घडविणे जिवावर बेतते. छातीतल्या जळजळीविषयीही हाच इशारा. इंदूरच्या सराफ्यात मध्यरात्रीपर्यंत खाल्ल्यावर छातीत जळजळले तर नवल नाही. पण जळजळीबरोबर दरदरून घाम सुटला, दम लागला, दुखणे खांद्याकडे, हाताकडे वा जबड्याकडे सरकू लागले, तर बाटलीकडे हात न नेता तत्काळ रुग्णालय गाठावे. हृदयविकाराचा झटका आम्लपित्ताच्या वेषात येतो, आणि ‘औषध घेतले आहे, बघू आता’ यात अमोल वेळ निघून जातो.

हे औषध इतर औषधांच्या वाटेतही येते. टेट्रासायक्लिन, सिप्रोफ्लॉक्सासिन यांसारख्या जंतुनाशकांना मॅग्नेशियम पोटातच बांधून ठेवते आणि ती रक्तात पुरेशी पोहोचत नाहीत. लोहाच्या गोळ्यांचेही शोषण घटते. निदान दोन-तीन तासांचे अंतर ठेवावे. थायरॉइडच्या गोळीपासून चार तासांचे. काही बाटल्यांत मॅग्नेशियाबरोबर लिक्विड पॅराफिन मिसळलेले असते. ते अंथरुणावर आडव्या पडलेल्या, गिळताना ठसकणाऱ्या वृद्धाला देऊ नये. तेल श्वासनलिकेत उतरून फुप्फुसाला सूज येते.

त्या आजोबांना अखेर ग्लानी आली म्हणून डॉक्टरांकडे नेले जाते. डॉक्टर विचारतात, “बाबा, कोणकोणती औषधे घेता?” सून पिशवीतून मधुमेहाच्या आणि रक्तदाबाच्या गोळ्या काढून टेबलावर मांडते. “आणखी काही?” आजोबा मान हलवितात. “नाही हो डॉक्टरसाहेब, एवढीच.” मग सुनेलाच काहीतरी आठवते. “मामंजी, ती पांढरी बाटली?” “अगं, ते काय औषध आहे? ते तर पोटासाठी!”