परसातला जुना गोठा आणि गटाचं भांडवल

(ग्रामसंघाच्या मासिक बैठकीतलं बोलणं, थोडं आटोपून)



मागच्या बैठकीत तीन गटांचे प्रस्ताव आले. एकाला शेवयांचं यंत्र पाहिजे, एकाला मिरची कांडप, एकाला शेळ्या. जागा कुठं, असं विचारलं तर तिघींचं उत्तर एकच. "घरामागं जुना गोठा आहे की, रिकामाच पडलाय." म्हणून आज कर्जाचं राहू द्या, त्या गोठ्याचं बोलू.

"सासऱ्यांच्या काळापासून उभा आहे, त्याला कोण विचारतंय?" असं आपण सगळ्याच म्हणतो. जनावरं होती तोवर खरंच कुणी विचारलं नाही. पण आता तिथं गटाचा पैसा जाणार. एका गावात एका गटानं सदस्याच्या परसातल्या गोठ्यात कांडप बसवलं. फरशी, पत्रे, वायरिंग सगळं गटाच्या पैशातून. वर्षभरात घरात वाटणीचा वाद झाला आणि दिरानं कुलूप घातलं. यंत्र आत, हप्ते बाहेर! गोठा कुणाच्या नावावर आहे हे आधी कुणी बघितलंच नव्हतं.

तेव्हा पहिलं काम, ग्रामपंचायतीतून नमुना 8 चा उतारा काढा. त्यात घराबरोबर गोठ्याची नोंद आहे का बघा. बऱ्याच ठिकाणी नुसतं घर लिहिलेलं असतं, मागचं छप्पर कुठंच नसतं. मालक कोण, भोगवटादार कोण, क्षेत्रफळ किती, हे मोठ्यानं वाचून घ्या. वाचायला लाजायचं नाही. नवरा-बायको दोघांची नावं घराला लावा, असं शासनाचं परिपत्रक 2003 पासून आहे. तुमचं नाव नसेल तर त्याच दिवशी अर्ज द्या.

पण एक ध्यानात ठेवा. नमुना 8 हे घरपट्टी आकारायचं रजिस्टर आहे, मालकीचा पुरावा नव्हे. पट्टी भरली म्हणजे बांधकामाला परवानगी मिळाली, असंही होत नाही. जागेची मालकी बघायची तर मिळकत पत्रिका बघा. 2020 पासून स्वामित्व योजनेत ड्रोननं गावठाणं मोजली जातायत. तुमच्या गावाची मोजणी झाली असेल तर गोठा तुमच्या हद्दीत आहे की सरकारी जागेत सरकलाय, ते नकाशावर दिसतं. रस्त्यावर किंवा गटारीवर आला असेल तर ग्रामपंचायत कायद्याच्या कलम 53 प्रमाणे पंचायत तो काढायला लावू शकते. सरकारी जागेवरची 1 जानेवारी 2011 पूर्वीची अतिक्रमणं नियमित करायचा निर्णय आहे, पण तो राहत्या घरांसाठी. गोठा त्यात बसवू नका.

आता दुरुस्तीचं. फुटका पत्रा बदलला, गिलावा केला, तर कुणी अडवत नाही. पण कुडाची भिंत पाडून विटांची उभी केली, लांबी वाढवली, तर ते नवं बांधकामच धरतात. 1958 च्या ग्रामपंचायत कायद्याच्या कलम 52 मध्ये बांधणं आणि पुन्हा बांधणं, दोन्हीला परवानगी सांगितलीय. छोट्या बांधकामांचे नियम अलीकडे सोपे झालेत, तरी अर्ज लेखी द्या आणि पोच घ्या. तोंडी "करा हो ताई" याला काही अर्थ नाही. सांगणारा बदलून जातो, भिंत तिथंच राहते.

गोठा शेतात असेल तर गोष्ट वेगळी. जनावरं, वैरण, अवजारं यांच्यासाठीचं छप्पर जमीन महसूल संहितेत शेतीचंच बांधकाम धरलंय. म्हणजे शेळ्यांवाल्या गटाची वाट सोपी. मात्र कांडप किंवा शेवया हा धंदा झाला. शेतात तो सुरू करायच्या आधी तलाठ्याकडे आणि तहसीलमध्ये अकृषिक वापराचं विचारून घ्या.

वापर बदलला की घरपट्टीही वाढते. जुन्या बांधकामाला घसारा मिळतो, पण धंद्याच्या वापराला भारांक जास्त. वाढू द्या. ती पावती बँकेत दाखवायला कामी येते. विजेचंही तसंच, घरच्या मीटरवर कांडप चालवायचं नाही.

आणि गटाचा करार. जागा सदस्याची असली तरी लेखी भाडेकरार करायचा, दुय्यम निबंधकाकडे नोंदवायचा. उताऱ्यावर जितकी नावं तितक्या सह्या, दीर आणि नणंदासुद्धा. प्रक्रिया उद्योगाच्या पीएमएफएमई योजनेत 35 टक्के अनुदान आहे, तिथंही जागेचे कागद मागतातच. "घरातल्या घरात सही कशाला?" असं कुणी म्हणालं, तर तिथंच थांबा आणि दुसरी जागा बघा.

पुढच्या बैठकीला तिन्ही गटांनी नमुना 8 चा उतारा, मिळकत पत्रिका झाली असेल तर तिची प्रत आणि गोठ्याचं माप आणायचं. फुटात चाललं तरी चालेल. प्रस्तावावर तेव्हा बोलू.