मोकाट इंजिनाचे नाक

(प्रौढांच्या वर्गापुढे केलेले भाषण)



आज गावोगाव डिझेलची इंजिने आहेत. उसाचा ट्रक आहे. ट्रॅक्टर आहे. विहिरीवर ऑइल इंजिन आहे. ही इंजिने मुकाट्याने काम करतात. पण क्वचित एखादे इंजिन मोकाट सुटते. त्याविषयी आज मी बोलणार आहे. ही गोष्ट रोज घडत नाही. पण घडली, तर विचार करायला वेळ मिळत नाही. म्हणून विचार आधीच करून ठेवायचा.

मोकाट सुटणे म्हणजे काय? कासरा तुटलेला बैल तुम्ही पाहिला असेल. तो कुणाला ऐकत नाही. तसेच हे इंजिन. ड्रायव्हरने पाय काढून घेतला, तरी आवाज चढतच जातो. धुराड्यातून धुराचे लोट निघतात. ड्रायव्हर किल्ली फिरवतो. किल्ली काढून खिशात घालतो. तरी इंजिन बंद होत नाही. मग कुणी म्हणतो, गाडीत भूत शिरले. मंडळी, भूतबीत काही नाही. याला साधे कारण आहे.

पेट्रोलच्या इंजिनात विजेची ठिणगी पडते. ठिणगी बंद केली, की इंजिन बंद. डिझेलच्या इंजिनात ठिणगी नसतेच. जर्मनीत रुडॉल्फ डीझेल नावाचे इंजिनीयर होते. त्यांनी हे इंजिन १८९७ साली चालवून दाखवले. त्यांच्याच नावावरून डिझेल हे नाव पडले. या इंजिनात हवा जोराने दाबतात. दाबून दाबून तिचा पंधरावा-विसावा हिस्सा करतात. सायकलीत हवा भरताना पंप खालून गरम होतो की नाही? तसेच हे. दाबलेली हवा इतकी तापते, की तिच्यात डिझेलचा फवारा पडताच तो पेट घेतो.

आता इंजिनाचा कासरा कुठे आहे, ते बघा. डिझेलचा पंप मोजून मोजून डिझेल देतो. जास्त दिले, की वेग वाढतो. बंद केले, की इंजिन थांबते. म्हणजे कासरा पंपात आहे. कधी कधी हा पंपच बिघडतो, अडकतो, आणि भरमसाट डिझेल सोडतो. मग वेग आवरत नाही.

पण याहून वाईट दुसरी तऱ्हा आहे. इंजिनाला दुसरीकडूनच चारा मिळतो! इंजिन ऑइलही जळते, बरं का. टर्बो झिजला, की त्यातले ऑइल हवेच्या वाटेने आत जाते. इंजिनात ऑइल खुणेच्या वर भरले, तरी ते उडून आत ओढले जाते. काही इंजिनांच्या हवेच्या गाळणीत ऑइल घालतात. तिथे जास्त घातले, तरी तेच होते. इंजिन हे ऑइल जाळून पळत सुटते. मग डिझेल बंद करून काय उपयोग? किल्लीचे काम पंपापाशी संपते. ऑइल तर दुसऱ्या दाराने येत असते.

मग करायचे काय? आपल्यात म्हण आहे, नाक दाबल्याशिवाय तोंड उघडत नाही. इंजिनाचेही नाक दाबायचे. डिझेल जळो की ऑइल जळो, जळायला हवा लागतेच. हवा तोडली, की इंजिन गुदमरून थांबते.

हवा आत जाण्याच्या तोंडावर सपाट, जाड फळी घट्ट दाबून धरायची. फळी तोंडापेक्षा मोठी हवी. फट राहिली, तर इंजिन फटीतून श्वास घेते. हात लावायचा नाही. ओढ फार जबर असते, हाताला इजा होते. चिंधी किंवा धोतराचा बोळाही कोंबायचा नाही. तो आत ओढला जातो. पाणी तर मुळीच ओतायचे नाही. पाणी दबत नाही, आतला दांडा वाकतो. कार्बन डाय-ऑक्साइडचे आग विझवायचे नळकांडे जवळ असेल, तर त्याचा वायू त्या तोंडात सोडावा. त्यानेही इंजिन थांबते.

गियरच्या गाडीला आणखी एक उपाय आहे. गाडी उभी असेल, तर पुढची-मागची माणसे आधी बाजूला करा. हातब्रेक ओढा. पायाचा ब्रेक पूर्ण दाबा. सर्वांत वरचा गियर टाका आणि क्लच सोडा. ओझे पेलले नाही, की इंजिन बंद पडते. गाडी चालती असेल, तर न्यूट्रल करू नका. क्लच दाबून ठेवू नका. ओझे सुटले, की इंजिन जास्तच उधळते. वरच्या गियरमध्ये ठेवून ब्रेक दाबा.

कुणी विचारील, आवाज फार चढला असेल तर? तर जवळ जायचेच नाही. अशा वेळी दांडा तुटून इंजिनाची भिंत फोडून बाहेर येतो. ऑइल इंजिनाचे जड चाकही फुटू शकते. सगळ्यांना लांब न्या. पोराबाळांना आधी हलवा. ऑइल संपले, की ते आपोआप थांबेल, नाहीतर मोडेल. कर्ज काढून घेतलेले इंजिन मोडताना बघवत नाही, हे खरे. पण इंजिनाचे मोल पैशात होते. माणसाचे होत नाही.

थांबल्यावर लगेच पुन्हा चालू करू नका. लगेच उघडूही नका. आत तापलेली ऑइलची वाफ असते. थंड होऊ द्या. मग मिस्त्रीला बोलवा.

अमेरिकेतली एक गोष्ट सांगतो. तिथे टेक्सास सिटी गावात तेलशुद्धीचा कारखाना आहे. २३ मार्च २००५ रोजी तिथे पेटणारे तेल उतू जाऊन बाहेर आले. त्याची वाफ जमिनीलगत पसरली. जवळ एक छोटा डिझेल ट्रक इंजिन चालू ठेवून उभा होता. त्याच्या इंजिनाने हवेबरोबर ती वाफ ओढली, आणि ते उधळले. मोठा स्फोट झाला. १५ माणसे मेली, १८० जखमी झाली. वाफ बहुधा त्या ट्रकामुळेच पेटली, असे तिथल्या सरकारी चौकशीत ठरले. यातून आपण काय घ्यायचे? कुठे टँकर उलटला, गॅस किंवा पेट्रोलचा वास सुटला, तर तिथे डिझेल गाडी न्यायची नाही. उभी असलेली चालू करायची नाही. वारा येतो त्या बाजूला, पायी दूर जायचे.

शेवटी रोजची काळजी. ऑइल मोजायच्या पट्टीवर दोन खुणा असतात. ऑइल त्या दोहोंच्या मध्ये ठेवा. जास्त घातले म्हणजे इंजिन खूश होते, असे नाही. ऑइल वारंवार कमी होत असेल आणि धूर निळा येत असेल, तर ती सूचना समजा. टर्बो दाखवून घ्या. हवेची गाळणी खुणेपर्यंतच भरा.

आणि आज घरी गेल्यावर एवढे करा. आपल्या गाडीचे हवेचे तोंड कुठे आहे, ते शोधा. त्याच्या मापाची फळी कापा. तिच्यावर ठळक लिहा, 'हवा बंद करण्याची फळी'. ती सीटमागे ठेवा. क्लीनरला दाखवा, विहिरीवरच्या गड्यालाही दाखवा. वेळ येईल तेव्हा शोधाशोध नको.

ती फळी कधीच लागू नये, हीच माझी इच्छा. रामराम.