अध्यापनाचा आरंभ कोठून करावा?
(सुवर्णमहोत्सवी संमेलनातील भाषणाचा मजकूर)



काशीत वाढणाऱ्या मराठी मुलापुढे ‘शिक्षा’ हा शब्द दोन वेषांत येतो. शाळेत शिक्षा म्हणजे शिक्षण. घरी आजी शिक्षा करते ती कान धरून. या दोन अर्थांत मुलांना फारशी विसंगती वाटत नाही, ही गोष्ट आम्हां शिक्षकांना विचारात पाडणारी आहे.

आम्हांस आज विद्यार्थिकेंद्रित अध्यापनाविषयी बोलावयाचे आहे. हा शब्द हल्ली वारंवार कानी पडतो. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही तो विचार उचलून धरला आहे. बाके गोलाकार मांडली आणि मुलांचे गट पाडले की वर्ग विद्यार्थिकेंद्रित झाला, असा एक समज आहे. आमच्या मते बाकांची मांडणी दुय्यम होय. शिकणाऱ्यास आधीच काय येते ते पाहावे आणि तेथून पाऊल उचलावे, हा या पद्धतीचा गाभा. त्याचे एक ठळक उदाहरण याच नगरीत घडून गेले आहे.

बापूदेव शास्त्री (1821–1890) हे महाराष्ट्रीय ज्योतिर्विद. तरुणपणी ते नागपुरास भास्कराचार्यांचे गणित शिकले. पुढे लान्सलॉट विल्किन्सन या इंग्रज अधिकाऱ्याने त्यांना सीहोरच्या पाठशाळेत नेले. विल्किन्सन हा भोपाळ दरबारी कंपनीचा पोलिटिकल एजंट. पृथ्वी सूर्याभोवती फिरते हे त्याला तेथील विद्यार्थ्यांना पटवावयाचे होते, आणि त्यांची मने तर पुराणातील भूवर्णनावर वाढलेली. त्याने इंग्रजी पुस्तक पुढे ठेवले नाही. त्यांच्याच आदराचा सिद्धांतग्रंथ उघडला. पृथ्वीला आधार हवा, तर त्या आधाराला दुसरा आधार नको काय, आणि त्याला तिसरा? हा प्रश्न भास्कराचार्यांनी बाराव्या शतकातच विचारून ठेवला होता. पृथ्वी गोल आणि निराधार आहे हे आपल्याच आचार्याच्या तोंडून ऐकल्यावर विद्यार्थ्याला कोपर्निकसपर्यंतची वाट तोडावी लागत नव्हती, चालावी लागत होती. त्याच प्रेरणेने सुबाजी बापू यांनी 1836 मध्ये ‘शिरोमणिप्रकाश’ हा ग्रंथ लिहिला, तोही मराठीत. बापूदेव 1842 मध्ये येथील संस्कृत कॉलेजात अध्यापक झाले. 1791 साली स्थापन झालेली तीच संस्था आज संपूर्णानंद संस्कृत विश्वविद्यालय म्हणून आपण ओळखतो.

या पद्धतीवर आक्षेप नव्हता असे नाही, आणि तो घेणारा माणूस लहान नव्हता. या कॉलेजचे प्रमुख डॉ. बॅलंटाइन हे पाश्चात्त्य शास्त्रे न्यायदर्शनाच्या परिभाषेतून शिकवीत. (त्यामागे धर्मप्रसाराचाही हेतू होता, हे दृष्टीआड करू नये.) 1853 मध्ये त्यांनी कलकत्त्याच्या संस्कृत कॉलेजासाठी तशाच सूचना केल्या, तेव्हा ईश्वरचंद्र विद्यासागरांनी त्यांस विरोध केला. नव्या सत्याचे बीज आपल्या शास्त्रात आढळले की पंडितांचा सत्याविषयीचा आदर वाढत नाही, शास्त्राविषयीचा अंधविश्वास मात्र दुणावतो, असे त्यांचे म्हणणे. हा धोका खरा आहे. ‘आमच्याकडे हे सारे होतेच’ म्हणून पुस्तक मिटणारे विद्वान आपल्या घाटांवर आपणही पाहिले आहेत. परंतु बापूदेव तेथे थांबले नाहीत. त्यांनी हिंदीतून नवे बीजगणित लिहिले. ‘सूर्यसिद्धांता’चे त्यांचे इंग्रजी भाषांतर आणि विल्किन्सनने केलेल्या ‘गोलाध्याया’च्या भाषांतराचे त्यांनी केलेले संशोधन, दोन्ही 1861 मध्ये एकत्र प्रसिद्ध झाली. ओळखीचे ते मुक्काम नव्हे, उंबरठा आहे, हे ज्या शिक्षकास कळते त्याच्या हाती ही पद्धत सुरक्षित असते.

आता आपल्या घरच्या वर्गाकडे वळू. रविवारी सकाळी आम्ही काही जण मुलांना मराठी शिकवितो. ही मुले कोरी पाटी नव्हेत. देवनागरी त्यांना येते, हिंदी त्यांच्या जिभेवर खेळते. एक मुलगी म्हणते, ‘ही पुस्तक चांगली आहे.’ चूक म्हणून लाल रेघ ओढणे सोपे. पण तिला विचारावे, तुला असे का वाटले? ती सांगते, ‘किताब अच्छी है, पुस्तक अच्छी है, मग पुस्तक चांगली आहे.’ तर्क निर्दोष आहे. हिंदीत पुस्तक स्त्रीलिंगी, मराठीत नपुंसकलिंगी, एवढाच फरक. मग सारा वर्गच असे शब्द शोधू लागतो. आत्मा आणि आवाज हिंदीत स्त्रीलिंगी, आपल्याकडे पुल्लिंगी. ही यादी मुलांची स्वतःची असल्यामुळे ती त्यांच्या स्मरणात राहते.

‘ळ’ची कथा याहून रंजक. फल-फळ, कमल-कमळ, नीला-निळा अशा जोड्या फळ्यावर लिहिल्या आणि आम्ही गप्प बसलो. हिंदीतल्या ‘ल’चा मराठीत ‘ळ’ होतो, हा नियम मुलांनीच मांडला. त्यावर मागच्या बाकावरून प्रश्न आला : मग फळात ‘ळ’ आणि फुलात ‘ल’ का? पुढचा रविवार त्याच्या उत्तरात गेला. प्राकृतातील स्वरांमधला एकेरी ‘ल’ मराठीत ‘ळ’ झाला. दुहेरी ‘ल्ल’चा मात्र ‘ल’ उरला. फुल्ल-फूल, तेल्ल-तेल. व्याकरणाचा असा पाठ आम्ही आपण होऊन कधीच घेतला नसता.

महाराष्ट्रात ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडच्या आदिवासी मुलांसाठी हेच अधिक धैर्याने केले. मुले गुरांमागे रानात जातात, शाळेत येत नाहीत, हे पाहून शाळाच कुरणात नेली. तिचे नाव कुरणशाळा. आपल्या मुलांना गुरे नाहीत, शिकवण्या आहेत. दहावीचे वर्ष आले की रविवारचा वर्ग रिकामा होऊ लागतो. मग आजोबांचे पत्र घरातल्या नातवालाच वाचता येत नाही.

म्हणून पालकांकडे आमचे मागणे आहे. मोठ्या मुलांसाठी आम्हांस पाठ्यपुस्तके नकोत, घरातील जुनी पत्रे हवीत : लग्नपत्रिका, हिशेबाच्या वह्या, नागपूर-पुण्याहून आलेली कार्डे. ज्यांच्याकडे मोडीतील कागद असतील त्यांनी तेही दाखवावेत. मुले त्यांच्या नकला करून घेतील आणि मूळ कागद त्याच दिवशी परत मिळतील. आणि ज्या आजींना दोन जिने चढणे जमत असेल त्यांनी सकाळी दहा वाजता यावे. मुलांना काय विचारावयाचे ते मुले आधीच ठरवून ठेवतात. यापुढचा प्रश्न काशीत आपल्या घरी पहिल्यांदा कोण आले, आणि कशासाठी, हा आहे.