भाकरीचे पीठ कोण मोजणार?



आहारतज्ज्ञांच्या परिषदेत अध्यक्षाने वर्षभराच्या घडामोडींचा आढावा घ्यावा अशी प्रथा आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 मध्ये नवी आहार-मार्गदर्शक तत्त्वे काढली आणि पाकिटावरचे दावे दिशाभूल करू शकतात, असे त्यांत बजावले. आढावा संपला. ही परिषद सोनगीरला भरली आहे, आणि सोनगीर हे तांब्या-पितळेच्या भांड्यांचे गाव. मापाविषयी बोलायला याहून बरी जागा मिळणार नाही, आणि हा अध्यक्ष त्यासाठी बरीच वर्षे थांबलेला आहे.

आपण सगळे आहारतज्ज्ञ एक्स्चेंजच्या, म्हणजे पदार्थांच्या अदलाबदलीच्या, यादीवर पोट भरतो. अमेरिकेतल्या आहारतज्ज्ञांच्या आणि मधुमेहाच्या संघटनांनी तिथल्या सरकारी आरोग्य खात्याबरोबर 1950 मध्ये ती मांडली. एक स्टार्च एक्स्चेंज म्हणजे 15 ग्रॅम कर्बोदके, सुमारे 3 ग्रॅम प्रथिने, 80 कॅलरी. एक फॅट एक्स्चेंज म्हणजे 5 ग्रॅम स्निग्धांश, 45 कॅलरी. एका गटातला पदार्थ त्याच गटातल्या दुसऱ्याशी बदलता येतो, म्हणून रुग्ण कंटाळत नाही. कल्पना उत्तमच आहे. पण ती बेतली गेली पावाच्या स्लाइसवर आणि कपावर.

पाकिटावरून एक्स्चेंज काढणे अवघड नाही. शेवेचे पाकीट घ्या. समजा, 100 ग्रॅमला कर्बोदके 42, प्रथिने 14, स्निग्धांश 38 ग्रॅम असे छापले आहे. खाली सर्व्हिंग लिहिलेली असते 30 ग्रॅम. ती कंपनीने ठरवलेली. खानदेशात शेवभाजीच्या एका ताटलीत 60 ग्रॅम शेव सहज जाते. म्हणजे कर्बोदके 25 ग्रॅम आणि स्निग्धांश जवळपास 23 ग्रॅम. स्टार्चचे दीड एक्स्चेंज झाले आणि तेलाचे साडेचार. रश्श्यावरचा तवंग अजून धरलेलाच नाही. ज्याने नुसती सर्व्हिंगची ओळ वाचली त्याच्या हिशोबात निम्मीच शेव आली. आणि धुळ्याच्या बाजारात किलोवर मिळणाऱ्या सुट्या शेवेला तर ही ओळही नसते.

आता आपल्या परिषदांत दरवर्षी रंगणारा वाद: कर्बोदकांतून तंतू वजा करायचे की नाही? सर्व्हिंगमध्ये 5 ग्रॅमपेक्षा जास्त तंतू असतील तर निम्मे वजा करा, असा एक प्रचलित नियम आहे. एक पक्ष म्हणतो सगळे वजा करा, दुसरा म्हणतो काहीच करू नका. आपल्या देशात 2020 च्या लेबलिंग नियमांनी ऊर्जा, प्रथिने, कर्बोदके, एकूण साखर, वरून घातलेली साखर, स्निग्धांश, सोडियम हे सगळे छापणे बंधनकारक केले. तंतूंची ओळ मात्र दावा केला नसेल तर सक्तीची नाही. जी संख्या पाकिटावर नाहीच, ती वजा करण्यावरून तज्ज्ञ हातघाईवर येतात!

शिंदखेडा तालुक्यातल्या एका मधुमेही शेतकऱ्याने या अध्यक्षापुरता हा वाद कधीच मिटवला. मोठ्या शहरातल्या एका दवाखान्याचा छापील तक्ता घेऊन ते आले. तक्त्यात दुपारी ‘दोन पोळ्या किंवा दोन भाकरी’. गोळ्या वेळेवर, चालणे रोजचे, साखर मात्र उतरेना. सोबत आलेल्या पत्नी म्हणाल्या, “त्या दोनच भाकरी खातस.” खरेच दोनच. त्यांना घरी एका भाकरीचे पीठ तोलायला सांगितले. भरले 70 ग्रॅम.

हिशोब करा. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2017 च्या कोष्टकात 100 ग्रॅम ज्वारीत 67.68 ग्रॅम कर्बोदके आहेत, तर 70 ग्रॅममध्ये 47. एका भाकरीत तीन एक्स्चेंज, दोन भाकरीत सहा. उलट 25 ग्रॅम कणकेच्या पातळ पोळीत जेमतेम एक. त्या ‘किंवा’ने माणसाच्या पोटात चार एक्स्चेंज जादा घातले, आणि दोष मात्र पथ्य न पाळण्यावर गेला.

तंतूंचे सांगायचे तर, त्या भाकरीत 7 ग्रॅम होते. वजाबाकीचा नियम जिला खरोखर लागू व्हावा, तिला लेबलच नाही. त्यातही गंमत अशी की 2017 च्या कोष्टकात कर्बोदकांतून तंतू आधीच वगळलेले आहेत. तरुण सहकारी ते पुन्हा वजा करतात. पोषणतज्ज्ञ गोपालन यांच्या जुन्या पुस्तकात याच ज्वारीची कर्बोदके 72.6 आहेत, कारण तिथे फक्त कच्चे तंतू वगळले होते. कोणतेही पुस्तक उघडा, 70 ग्रॅमच्या भाकरीचे तीन ते साडेतीन एक्स्चेंजच होतात. अर्ध्या एक्स्चेंजसाठी आपण भांडतो आणि चार नजरेआड करतो.

कळण्याच्या भाकरीत तर ज्वारीबरोबर सालाचे उडीद दळलेले. ती नुसती स्टार्चमध्ये टाकायची की काही वाटा प्रथिनांकडे द्यायचा? खापरावरच्या पुरणपोळीचे काय? ज्वारीच्या पापडांचे, बिबड्यांचे? जळगावचे केळे यादीत ‘एक लहान’ म्हणून बसते, पण सोललेल्या 100 ग्रॅम गरात साधारण 23 ते 25 ग्रॅम कर्बोदके असतात. बाजारातल्या भरदार केळ्याची फळांचे दोन एक्स्चेंज सहज होतात. वाटीचीही तीच कथा. सोनगीरच्या तांबटाला विचारा, वाटी केवढी? तो विचारील, कोणती?

शिवाय लेबलवरची सक्तीची माहिती इंग्रजीत किंवा हिंदीत असली की कायद्याचे समाधान होते. मराठी ऐच्छिक. घरात स्वयंपाक करणाऱ्या आजीने ते वाचायचे कसे, हे कोणी विचारलेले नाही.

खानदेशी पदार्थांचा तोललेला, शिजवलेला, एक्स्चेंजमध्ये मांडलेला तक्ता व्हायला हवा. गृहविज्ञानाच्या महाविद्यालयांनी मनावर घेतले तर होईल. कोण, केव्हा, कशातून, ते कार्यकारिणी बसून ठरवील. तंतूंची ओळ सक्तीची करा आणि मराठीही छापा, असे निवेदन अन्न सुरक्षा प्राधिकरणाला पाठवण्याचा ठरावही संध्याकाळी येईल. त्याला हात वर करा.

तोवर एवढे करा. दवाखान्यातल्या छापील तक्त्यावरचे ‘दोन पोळ्या किंवा दोन भाकरी’ आजच खोडा, आणि उद्या येणाऱ्या पहिल्या रुग्णाला घरच्या एका भाकरीचे पीठ तोलून आणायला सांगा.