मोबाईल अ‍ॅप : बांधण्याआधी काय पाहावे?

(संस्थेच्या विद्यार्थी मेळाव्यात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



आपल्या तरुण मंडळींनी मागच्या बैठकीत एक सूचना मांडली. संस्थेचे स्वतःचे मोबाईल अ‍ॅप असावे. शिष्यवृत्तीच्या तारखा, वाचनालयातील पुस्तके, सभासदांची वर्गणी, रक्तदात्यांची यादी, सर्व काही त्यात असावे. त्यावर ज्येष्ठ सभासदांनी दोनच प्रश्न विचारले. पैसा किती लागणार? आणि ते वापरणार कोण? मी पुण्यात संगणकाच्या क्षेत्रात नोकरी करतो, म्हणून या प्रश्नांचे उत्तर देण्याची जबाबदारी माझ्यावर आली. संस्थेची तिजोरी वर्गणीच्या रुपयांनी भरते, आणि त्यात मोलमजुरी करणाऱ्यांचेही रुपये असतात. म्हणून हा विषय मी केवळ तांत्रिक समजत नाही.

आरंभी माझीच एक चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी नात्यातल्या महिलांच्या एका बचत गटासाठी मी हौसेने अ‍ॅप तयार केले. चार महिने रात्री जागून काम केले. माझ्या नव्या मोबाईलवर ते झकास चालत होते. गटाच्या बैठकीत मी ते दाखविले तेव्हा लक्षात आले की निम्म्या बायकांकडे बटणांचा साधा फोन आहे. काहींच्या घरी मोठा फोन होता, पण तो दिवसभर मुलाबरोबर चाकणच्या कारखान्यात असे. उरलेल्यांच्या फोनमध्ये जागा नव्हती. ज्यांनी कसेबसे ते घेतले त्यांना रेंज नसली की कोरा पडदा दिसे. दोन महिन्यांनी गट आपल्या जुन्या वहीकडे वळला. एक मावशी मला म्हणाल्या, "बाळा, वही उघडायला रेंज लागत नाही." अ‍ॅप बिनचूक होते, पण ज्यांच्यासाठी केले त्यांना मी एकदाही विचारले नव्हते.

मित्रहो, कळंबहून मंचरला जायचे तर महामार्गावर एस.टी. मिळते, मोटारसायकल चालते, सहा आसनी गाडीही चालते. आहुप्याच्या खोऱ्यात जायचे असेल तर मात्र रस्ता पाहून वाहन ठरवावे लागते. सोबत म्हातारी माणसे आहेत का, ओझे किती आहे, परत कधी यायचे आहे, हे आधी पाहतो. अ‍ॅपचेही असेच आहे. वाहन कोणते उत्तम, हा प्रश्न प्रवासी ठरल्यावर विचारायचा असतो.

आता हे मार्ग कोणते, ते थोडक्यात पाहू. मुख्यतः चार मार्ग आहेत.

पहिला मार्ग म्हणजे साधे संकेतस्थळ. ते कोणत्याही फोनच्या ब्राउझरमध्ये उघडते, फोनमध्ये वेगळे काही घ्यावे लागत नाही. चूक झाली तर एका जागी दुरुस्त केली की सर्वांना दुरुस्त दिसते. खर्च सर्वांत कमी. उणीव अशी की इंटरनेट नसेल तर ते उघडत नाही.

दुसरा मार्ग त्याच संकेतस्थळाला थोडे अधिक शहाणे करण्याचा. याला प्रोग्रेसिव्ह वेब अ‍ॅप म्हणतात, हे नाव २०१५ च्या सुमारास रूढ झाले. यात एक छोटी आज्ञावली पाने आणि माहिती फोनमध्येच साठवून ठेवते, त्यामुळे रेंज गेली तरी आधी पाहिलेले उघडते. फोनच्या पडद्यावर त्याचे चिन्हही ठेवता येते. आयफोनवर अशा अ‍ॅपला सूचना पाठविण्याची सोय २०२३ पासून मिळाली, आणि तीही चिन्ह पडद्यावर ठेवले असेल तरच.

तिसरा मार्ग म्हणजे एकदाच लिहून अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हींसाठी अ‍ॅप काढणे. फेसबुकने २०१५ मध्ये रिअ‍ॅक्ट नेटिव्ह खुले केले, आणि गुगलच्या फ्लटरची पहिली पूर्ण आवृत्ती डिसेंबर २०१८ मध्ये आली. दोन वेगळे गट नेमण्याचा खर्च यात वाचतो. मात्र फोनच्या एखाद्या खास सोयीशी थेट काम पडले की तेवढ्यापुरते वेगळे लिहावेच लागते.

चौथा मार्ग प्रत्येक फोनसाठी त्याच्या मूळ भाषेत स्वतंत्र अ‍ॅप लिहिण्याचा. अँड्रॉइडसाठी कोटलिन किंवा जावा, आयफोनसाठी स्विफ्ट. कॅमेरा, जीपीएस, वेग, सुरक्षितता यांत हा मार्ग सर्वांत समर्थ, परंतु काम दुप्पट आणि निगराणीही दुप्पट.

यांतला श्रेष्ठ कोणता? या प्रश्नावर मोठमोठ्या कंपन्यांनीही ठेच खाल्ली आहे. कपडे विकणाऱ्या मिंत्रा या भारतीय कंपनीने मे २०१५ मध्ये आपले संकेतस्थळ बंद केले आणि खरेदी केवळ अ‍ॅपवरूनच होईल असे जाहीर केले. पुढच्याच वर्षी, २०१६ मध्ये, तिला संकेतस्थळ पुन्हा सुरू करावे लागले. फ्लिपकार्टनेही २०१५ मध्ये मोबाईलवरचे संकेतस्थळ बंद केले होते, पण त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये 'फ्लिपकार्ट लाईट' हे प्रोग्रेसिव्ह वेब अ‍ॅप आणले. कमी जागेचा फोन आणि मंद इंटरनेट असलेले गिऱ्हाईक त्यांना सोडता येईना. उलट फेसबुकचा अनुभव पाहा. त्यांनी आधी वेबच्या तंत्रावर भर दिला होता. ते अ‍ॅप मंद चाले. २०१२ मध्ये त्यांनी ते आयफोनसाठी मूळ भाषेत नव्याने लिहिले, आणि वेबच्या तंत्रावर जास्त विसंबणे ही मोठी चूक होती, अशी कबुली मार्क झुकेरबर्ग यांनी जाहीरपणे दिली. एकाने अ‍ॅपचा हट्ट सोडला, दुसऱ्याने वेबचा. दोघेही आपापल्या जागी बरोबर होते, कारण दोघांची गरज निराळी होती.

आता आपल्या शेताच्या बांधावरचे उदाहरण घेऊ. ई-पीक पाहणीचे अ‍ॅप १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झाले. शेतकऱ्याने स्वतः शेतात उभे राहून पिकाचा फोटो काढायचा, त्याबरोबर जागेचे अक्षांश-रेखांश नोंदवायचे, आणि ती नोंद सातबाऱ्यावर जायची. यासाठी कॅमेरा हवा, जीपीएस हवे, माहिती फोनमध्ये राखून ठेवण्याची सोय हवी. म्हणून येथे अ‍ॅप हेच योग्य साधन ठरते. तरीही मोठा फोन प्रत्येक घरी नसतो, हे लक्षात घेऊन एकाच मोबाईलवरून अनेक खातेदारांची नोंदणी करण्याची सोय त्यात ठेवावी लागली. साधन योग्य असले तरी माणसे सुटणार नाहीत, याची काळजी वेगळी घ्यावी लागते, ती अशी.

कोरोनाच्या काळात २ एप्रिल २०२० रोजी आरोग्य सेतू आले, ते मोठ्या फोनसाठी. मे महिन्यात जिओफोनसाठी त्याची निराळी आवृत्ती काढावी लागली, आणि साध्या फोनवाल्यांसाठी १९२१ हा मिस्ड कॉलचा क्रमांक सुरू करावा लागला.

आणि एक उदाहरण तर आपल्या सर्वांच्या जिव्हाळ्याचे आहे. ३० डिसेंबर २०१६ रोजी दिल्लीत पैसे देण्याघेण्याचे 'भीम' अ‍ॅप सुरू झाले, आणि त्या नावाचा संबंध बाबासाहेबांशी जोडून सांगितला गेला. रुपयाच्या प्रश्नावर ग्रंथ लिहिणाऱ्या महापुरुषाचे नाव रुपयाच्या व्यवहाराला मिळाले, याचा आनंद आहेच. पण मोठा फोन नसलेल्या माणसाचे काय? त्याच्यासाठी इंटरनेटशिवाय चालणारी *९९# ही सेवा आधीपासून होती. ८ मार्च २०२२ रोजी साध्या फोनसाठी 'यूपीआय १२३ पे' सुरू झाले, त्यात फोन करून, बोलत्या सूचना ऐकूनही पैसे पाठविता येतात. म्हणजे एकाच कामासाठी तीन दारे ठेवावी लागली. ज्या योजनेला एकच दार असते, तिच्या दाराबाहेर कोणीतरी उभे राहते. दाराबाहेर उभे राहणे म्हणजे काय, हे आपल्या समाजाला निराळे समजावून सांगण्याची गरज नाही.

आता आपल्या संस्थेकडे वळतो. अ‍ॅपची गोष्ट निघाली की मी पाच प्रश्न विचारण्याची सवय लावून घेतली आहे.

पहिला प्रश्न : वापरणारा कोण आणि त्याच्या हातात कोणता फोन आहे? दुसरा : रेंज नसताना काम अडून चालेल काय? तिसरा : कॅमेरा, जीपीएस अशा फोनच्या खास सोयींची खरोखर गरज आहे काय? चौथा : तयार झाल्यावर पुढची पाच वर्षे त्याची देखभाल कोण करणार? पाचवा : लोकांची कोणती माहिती आपण घेणार आणि ती कशी जपणार?

यांपैकी चौथा प्रश्न सर्वांत जास्त विसरला जातो. अ‍ॅप प्ले स्टोअरवर ठेवण्यासाठी गुगल एकदाच पंचवीस डॉलर घेते, अ‍ॅपल मात्र दरवर्षी नव्व्याण्णव डॉलर. २०२३ च्या नोव्हेंबरनंतर नवे वैयक्तिक खाते काढणाऱ्याला अ‍ॅप सर्वांसाठी खुले करण्यापूर्वी आधी वीस, आणि डिसेंबर २०२४ पासून किमान बारा माणसांकडून सलग चौदा दिवस तपासून घ्यावे लागते. अँड्रॉइडच्या नव्या आवृत्त्या येतात तसे अ‍ॅपही अद्ययावत करत राहावे लागते, नाहीतर नव्या फोनवाल्यांना ते स्टोअरमध्ये दिसेनासे होते. अ‍ॅप एकदा बांधले म्हणजे काम संपले, असे जो सांगेल त्याच्याकडून दरपत्रक घेऊ नका.

पाचवा प्रश्नही गंभीर आहे. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा संसदेने २०२३ मध्ये संमत केला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले, आणि त्यातील तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू करावयाच्या आहेत. अठरा वर्षांखालील मुलांची माहिती घ्यायची तर पालकांची खात्रीशीर संमती लागेल, असे हा कायदा सांगतो. आपले बहुतेक विद्यार्थी याच वयाचे आहेत. रक्तदात्यांचे फोन क्रमांक जगासाठी उघडे टाकणे तर मुळीच योग्य नाही.

हे प्रश्न आपल्या मागणीला लावून पाहू. शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटीच्या संकेतस्थळावरच भरावा लागतो. आपले अ‍ॅप तो भरू शकणार नाही, फक्त तारीख आणि कागदपत्रांची यादी सांगू शकेल. त्यासाठी मराठीतले एक हलके पान पुरते. वाचनालयाच्या पुस्तकांची यादीही त्याच पानावर मावते, आणि दुसऱ्या मार्गाने केले तर रेंज नसतानाही उघडते. वर्गणीचा हिशेब कार्यालयातील संगणकावर असावा, लोकांच्या फोनमध्ये नको. रक्तदात्यांची यादी एका जबाबदार कार्यकर्त्याजवळ असावी आणि त्याचा एक क्रमांक सर्वांना माहीत असावा. कॅमेरा लागत नाही, जीपीएस लागत नाही.

म्हणून माझी विनंती अशी. या वर्षी अ‍ॅपवर खर्च करू नये. आपल्याच दोन-तीन विद्यार्थ्यांनी संकेतस्थळ तयार करावे. त्याबरोबर एक फोन क्रमांक आणि विहाराच्या भिंतीवरचा फळा, ही दोन दारे उघडी ठेवावीत. वर्षभर वहीत नोंद ठेवावी की कोणी काय विचारले, कोणाला काय सापडले नाही. त्या वहीवरून खरी गरज दिसली, तर पुढच्या वर्षी तिसऱ्या मार्गाने अ‍ॅप करू. तेव्हा मी स्वतः रविवारी येऊन तुमच्याबरोबर बसेन. वाचलेल्या पैशांतून वाचनालयात एक चांगला संगणक घ्यावा, असे मी सुचवितो.

विद्यार्थी मित्रहो, तुमच्यापैकी काहींना वाटेल की या माणसाने आमचा उत्साह मोडला. तसे नाही. फ्लटर शिकू की रिअ‍ॅक्ट, असे तुम्ही मला विचारता. कोणतेही एक शिका, पण त्याआधी आज्ञावली म्हणजे काय, माहिती कशी साठवावी, जाळे कसे चालते, हा पाया पक्का करा. हत्यारे दर पाच वर्षांनी बदलतात, पाया बदलत नाही. हजारो रुपये फी घेणाऱ्या क्लासच्या जाहिरातीला भुलून घरावर कर्ज करू नका. या साधनांची मूळ पुस्तिका इंटरनेटवर विनामूल्य वाचता येते. इंग्रजी अडते, तर शब्दकोश जवळ ठेवून वाचा. मीही तसाच वाचला.

शेवटी एक गोष्ट सांगून थांबतो. आपल्या शेजारी जुन्नरला सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची लेणी आहेत. तेथील एका शिलालेखात धान्याचा व्यापार करणाऱ्यांच्या श्रेणीने दिलेल्या दानाची नोंद आहे. त्यांनी सात खोल्यांचे लेणे दिले आणि त्याबरोबर पाण्याचे टाकेही दिले. राहणाऱ्याला तहान लागणार, हे त्या दात्यांनी ओळखले होते. टाक्याशिवाय लेणे कितीही सुंदर असते तरी उन्हाळ्यात तेथे कोण राहिले असते? आपणही काही बांधू तेव्हा राहणाऱ्याची तहान आधी विचारू या.