फेस जाईपर्यंत धुवा
(वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी सातवी शिकलेली बाई; मला भाषण ते काय येणार! पण माझी एक फजिती सांगते, म्हणजे तुमची व्हायची नाही.

मुलाने हौसेने किनोआ आणला. वरीसारखे दाणे दिसले, म्हणून मी न धुताच शिजवले. पहिल्याच घासाला हे म्हणाले, "कडूजहर!" सासूबाईंनी मात्र माझे मन राखायला वाटीभर खाल्ला आणि रात्री त्यांचे पोट बिघडले. माझ्या जिवाला फार लागले.

सकाळी उरलेले दाणे पाण्यात चोळले, तो भांडेभर फेस! सासूबाई म्हणाल्या, "अगं, हा तर रिठ्यासारखा!"

त्यांचे बोल खरे निघाले. रिठ्यात आणि किनोआच्या सालीत सॅपोनिन नावाची द्रव्ये असतात. किनोआ हा दक्षिण अमेरिकेतल्या पेरू-बोलिव्हियाच्या उंच डोंगरांतला. आपल्या चाकवताच्याच जातकुळीतला. या कडूपणामुळे पाखरे दाणे टिपत नाहीत. तिकडच्या बायका पिढ्यान्‌पिढ्या ते घासून, धुऊन मगच शिजवतात. संयुक्त राष्ट्रांनी २०१३ हे साल किनोआचे वर्ष म्हणून पाळले.

सॅपोनिन आतड्यांतून रक्तात फारसे जात नाही, पण पोटाला झोंबते. थेट रक्तात मिसळले तर तांबड्या पेशी फोडते. माशांना तर ते विषच. म्हणून धुवण तळ्यात ओतू नये.

तेव्हा भगिनींनो, फेस थांबेपर्यंत पाणी बदलून दाणे चोळा. आता आमच्याकडे त्याचा उपमा होतो आणि पहिली चव सासूबाईच घेतात.